गाडी मुर्ध्याला दाखवून आणली

निवृत्तीनंतर आमच्या ओळखीतली माणसं काश्मीरला जातात, केरळला जातात, काही जण मुलांकडे परदेशी जाऊन तिथल्या रस्त्यांचं कौतुक घेऊन परत येतात. आम्ही मीरा-भाईंदरला गेलो. तेही समुद्र बघायला नव्हे, इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि गाडीचे शॉकअप तपासून घ्यायला. परत आल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तिकडे बघण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, "आठ व्हॉल्व्ह." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, म्हणून सगळं इथे लिहून काढते आहे.

गाडी माझ्या सासऱ्यांची. गोल डोळ्यांची, फुगीर मडगार्डांची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि माझ्याहून कितीतरी जास्त लाडावलेली. लग्नानंतर मी नाशकात आले ती याच गाडीतून. त्या संपूर्ण प्रवासात आमच्या विनायकरावांनी नव्या नवरीकडे दोनदा पाहिलं आणि ऑइलच्या काट्याकडे सतत. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला हा माणूस स्वभावाने इतका शांत, की कुणी भांडायला आलं तर आधी त्याला खुर्ची देईल.

गेली काही वर्षं गाडीचा दम गेला होता. साध्या उड्डाणपुलावर भाजीचे टेम्पो आम्हाला हॉर्न न वाजवता, सहानुभूतीने ओलांडून जायचे. आणि खड्ड्यातून बाहेर आल्यावरही ती पुढचा अर्धा फर्लांग मान डोलावत राहायची, कीर्तनाला बसल्यासारखी. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला हवी होती. बॉनेट उघडं ठेवून त्यात शेवंती लावण्याचा त्याचा बेत होता. मला बेत पसंत होता. घरात एक मोठी वस्तू कमी झाली की केर काढायला किती बरं पडतं, हे बायकांना सांगायला नको.

विनायकरावांनी एकच गोष्ट मागितली. "एकदा हरेश्वरकाकांना दाखवू. ते नाही म्हणाले तर देऊन टाकू. शब्द."

हरेश्वरकाका म्हणजे सासऱ्यांचे मुंबईचे मिस्त्री. आता वय झालेले, भाईंदर पश्चिमेला मुर्धा गावात आपल्या घरी असतात. मी ताबडतोब हो म्हटलं. असल्या इंजिनाला हो म्हणणारा मिस्त्री जन्माला यायचा होता, अशी माझी खात्री होती. बॅगेत तीन दिवसांच्या साड्या घेतल्या आणि पर्समध्ये हॉटेलवाल्याचा नंबर.

पेणकरपाडा, शुक्रवार

घाटातल्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की आम्ही उतरत होतो, त्यामुळे पोहोचलो.

माझी नणंद शुभाताई लालबागची खोली सोडून मीरा-भाईंदरमधल्या पेणकरपाड्यात राहायला आली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा तिच्या गॅलरीतून झाडं दिसायची. आता समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी डाळीला कशाची फोडणी दिली ते दिसतं. इमारतींची नावं सगळी विलायतेतली. नाशकात आम्ही बंगल्याला 'श्रमसाफल्य' वगैरे नाव देऊन मोकळे होतो. इथे माणूस स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याशा दरीत राहतो आणि कोथिंबीर आणायला इटलीच्या गेटातून बाहेर पडतो.

गाडी गेटात शिरली तशी सोसायटी खाली उतरली. प्रत्येकाने तिला हात लावला. नुसता लावला नाही, मडगार्ड दाबून पाहिलं. दाबलं की गाडी खाली जायची, वर यायची, पुन्हा खाली, पुन्हा वर. हे लोकांना फार आवडलं. एक गृहस्थ तर पलीकडच्या विंगमधून सासूबाईंना घेऊन आले, त्यांच्याकडून दाबून घेतलं आणि म्हणाले, "बघा, कशी स्प्रिंग आहे! आताच्या गाड्यांत आहे का असं?" विनायकरावांची छाती दोन इंच वर आली. शॉकअप मेले आहेत याचा तो जाहीर पुरावा आहे, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी कांबळे सर मूळचे नांदेडकडचे. शिस्तीचा माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि जमिनीकडे पाहून म्हणाले, "तेल गळतंय."

"थोडंसंच," विनायकराव म्हणाले.

"थोडं असो का जास्त, नियम सारखाच आहे. फरशीला डाग चालत नाही." एवढं बोलून ते घरी गेले आणि टीव्हीच्या खोक्याचा भलामोठा पुठ्ठा घेऊन आले. स्वतः वाकून त्यांनी तो इंजिनाखाली सरकवला. जाताना त्यांनीही मडगार्ड एकदा दाबलंच.

मुर्धा, शनिवार

भाईंदर पश्चिमेला गर्दी मागे टाकून राई गावाच्या रस्त्याला लागलं की हवा बदलते. एका बाजूला खाडी, तिवरं, जिथे मीठ पिकायचं ती ओसाड खाजणं. दुसऱ्या बाजूला हिरव्या जाळ्या पांघरलेल्या नव्या इमारती. मधोमध जुनं गाव, बसकी कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेलं मासेमारीचं जाळं आणि त्याच्याशेजारी मोटारसायकल.

हरेश्वरकाका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. ऐंशीच्या घरातले, काटकुळे, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा.

"कोन?"

"मी विनायक. नाशिकचे अण्णा, त्यांचा मुलगा."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. गाडीकडे पाहिलं. "ही अजून हाय?" म्हणाले आणि उठले.

मला वाटलं होतं आता इंजिन चालू करतील, कान लावतील. त्यांनी चावीसुद्धा मागितली नाही. पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. गाडी डोलू लागली. काका मोजू लागले. "एक. दोन. तीन. चार. पाच." मग विनायकरावांकडे वळले. "एकदा वर येऊन थांबली पायजे. हिला काय हळदीला नाचाला आनलीय?"

चारही कोपरे झाले. चारही नाचले. काकांनी एका शॉकअपचं बूच उघडलं, आत बोट घातलं आणि बोट नाकाशी नेलं.

"ह्यात काय टाकलंय?"

"मशीनचं तेल," विनायकराव म्हणाले.

"कुटल्या मशीनचं?"

विनायकरावांनी घसा साफ केला. "शिलाई."

माझं शिलाई मशीन गेली कित्येक वर्षं कुरकुरतं आहे. तेलाची बाटली अर्धी भरून देतो म्हणून मी आमच्या दुकानदाराशी तीनदा भांडले आहे. त्या बिचाऱ्याने शेवटी माझ्यादेखत बाटली उजेडात धरून दाखवायला सुरुवात केली होती.

"बारीक तेल चांगलं असतं असं वाटलं," विनायकराव म्हणाले.

"चांगलं हाय. ब्लाऊज शिवाला," काका म्हणाले.

मग त्यांनी इंजिन चालू करायला लावलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, त्याची पट्टी करून सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. पट्टी धुराने बाहेर उडत होती, ते ठीकच. पण मधूनच ती फट्कन आत ओढली जायची. काकांनी मला जवळ बोलावलं. "बगा बाय. बाहेर सोडाचं, तं ही आत घेतंय. व्हॉल्व्ह मिटत न्हाय कुटंतरी."

इंजिन निवेपर्यंत काकांच्या बायकोने, मंजुळाकाकूंनी, चहा दिला आणि विनायकरावांनी काकांना हॉटेलवाल्याचं सांगून टाकलं. मग काकांनी वरचं झाकण काढलं. आत व्हॉल्व्हच्या दांड्यांवर छोटे हातोडे बसलेले असतात, ते टॅपेट. टॅपेट आणि दांडी यांच्यामध्ये कागदाएवढी फट लागते. काकांनी खिशातून पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा काढला आणि एकेका फटीत पट्टी घालू लागले. सगळ्यात पातळ पट्टीही गेली नाही. पहिल्यात नाही, दुसऱ्यात नाही, आठातल्या एकातही नाही.

"टॅपिट कोनी टाइट केलं?" त्यांनी विचारलं.



"दांडी गरम झाली का लांब होते," काका म्हणाले. "तिला जागा नको? जागा ठेवली तं टकटक वाजनारच. ती वाजू दिली पायजे. तुमी टकटक बंद केली, मंग व्हॉल्व्ह मिटंल कसा? सगळी आग तिथूनच जातेय. कोनी केलं हे?"

"मी," विनायकराव म्हणाले. "मला आवाज सहन होत नाही."

मी चहाच्या कपात पाहत राहिले. कारण आवाज सहन होत नसे तो मला.

आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा पार्किंग मिळालं ते नेमकं बेडरूमच्या खिडकीखाली. रोज सकाळी सातला विनायकराव गाडी चालू करून पाच मिनिटं ठेवत. मी एक दिवस खिडकीतून ओरडले होते, "ही टकटक माझ्या डोक्यात जाते! एक तर ती राहील नाहीतर मी!" त्या दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी ते तासभर बॉनेटमध्ये डोकं घालून होते. आवाज कमी झाला. पुढच्या दसऱ्याला आणखी कमी. मी चारचौघांत सांगत असे, "आता कशी शहाण्यासारखी चालते!" आणि पुढे दम जाऊ लागला तेव्हा सांगू लागले, "यांच्या हौसेपायी डबडं सांभाळतोय."

आता खरं बोलायची वेळ होती. मी काय केलं? मंजुळाकाकूंनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे ठेवली, ती खाल्ली. आमच्या बाजरीच्या भाकरीपुढे ही अगदी मऊ, पांढरीशुभ्र. मी आणखी अर्धी मागून घेतली.

दुपारी काकांनी आणि विनायकरावांनी मिळून हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. आठ व्हॉल्व्ह गोणपाटावर ओळीने मांडले. सात काळे पण गोल. एकाची कड उंदराने खाल्लेली दिसत होती.

"हा गेला," काका म्हणाले. बिस्किटांच्या डब्यातून त्यांनी जुने व्हॉल्व्ह काढून बोटाशी लावून मापले आणि त्यातला एक बाजूला ठेवला. "हा बसवू. पन सगळे घासून बगाचे. बसले तं बसले. न्हाय बसले तं हेडात काय राम न्हाय. द्या मंग तुमच्या हाटेलवाल्याला."

विनायकराव हो म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. मला तेव्हा त्यांचा राग आला, आणि राग कसला आला ते कळेना.

संध्याकाळी हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारा पातळ पत्रा, आणायला भाईंदरच्या बाजारात गेलो. दुकानदाराशी मी हिंदीत बोलले, कारण इथे तशी रीत आहे. "भैया, इसका गॅस्केट मिलेगा क्या? पुराना मॉडेल है." तोही म्हणाला, "मिलेगा मॅडम, लेकिन देखना पडेगा." दहा मिनिटं आम्ही दोघांनी त्या भाषेचे मनसोक्त हाल केले. मग त्याचा फोन वाजला. "आई, मी जेवून आलोय गं, तू झाकून ठेव," तो म्हणाला, फोन ठेवला आणि वळून मला म्हणाला, "हाँ, तो मॅडम, ताँबे का चलेगा?" मी म्हटलं, "चलेगा." उगाच ओळख कशाला वाढवा?

मुर्धा, रविवार

व्हॉल्व्ह घासायचं हत्यार म्हणजे एक लाकडी दांडी आणि तिच्या टोकाला रबराची वाटी. वाटी व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटवायची, कडेला मिश्रीसारखी काळी पेस्ट लावायची आणि दांडी दोन तळव्यांमध्ये धरून मागेपुढे फिरवायची. काकांची बोटं आता सरळ होत नाहीत. म्हणून विनायकराव बसले. ते घासत नव्हते, व्हॉल्व्हची क्षमा मागत होते. काकांनी पाच मिनिटं सहन केलं आणि माझ्याकडे वळले.

"बाय, घरी ताक घुसळता?"

"घुसळते."

"मंग या इथं. त्याला स्प्रिंगा पुसू द्या."

अशा रीतीने मी नाशिकहून येऊन मुर्ध्याच्या शेडमध्ये पाटावर बसून इंजिन घुसळलं. रवीचाच हात. आधी खरखर ऐकू येते, मग आवाज मऊ होत जातो आणि तळव्यांना कळतं की आता धरलं. मध्ये मध्ये उचलून थोडं फिरवून ठेवायचं. झालं म्हटलं की काका पुसून घेत, कडेवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारत, व्हॉल्व्ह पुन्हा बसवून एकदा दाबून फिरवत. बाहेर काढल्यावर सगळ्या रेघा पुसट झालेल्या हव्यात. पहिल्याच्या दोन रेघा तशाच राहिल्या.

"दोन ऱ्हायल्या. घुसळा."

तिसऱ्या व्हॉल्व्हवर मला राहवलं नाही. दांडी फिरवता फिरवताच म्हणाले, "काका, टॅपेट यांनी टाइट केले, पण टकटक मला नको होती. मी आरडाओरडा केला होता."

"ठाव हाय," काका म्हणाले.

"कसं?"

"ह्याचा बाप टकटक ऐकूनच गाडी चालवाचा. मांडीवर बसून हा बी ऐकाचा. ह्याला कशाला तरास होईल आवाजाचा?" आणि चष्मा पुसत म्हणाले, "घुसळा, घुसळा. हात थांबवू नका."

मी विनायकरावांकडे पाहिलं. त्यांनी स्प्रिंग पुसणं थांबवलं नव्हतं. "शेवटचे फेरे जरा हलके घे," एवढंच म्हणाले. मला रडू आलं. पेस्ट डोळ्यात गेली असं मी सांगितलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं.

आठही व्हॉल्व्ह बसले. आता खरी परीक्षा. काकांनी हेड दोन ठोकळ्यांवर उलटं ठेवलं, चारही खळग्यांत पेट्रोल ओतलं आणि खाली कोरं वर्तमानपत्र अंथरलं. व्हॉल्व्ह नीट मिटले नसतील तर पेट्रोल झिरपून थेंब खाली पडणार.

"किती वेळ थांबायचं?" मी विचारलं.

"घड्याळ न्हाय लावत मी. एक जेवान. आपलं जेवान होईतो थेंब पडला न्हाय तं पास."

नाशकात कुठल्याही मिस्त्रीने असं माप सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. इथे मात्र मी मुकाट्याने पाटावर बसले. मंजुळाकाकूंनी खाडीच्या कोळंबीचं कालवण, भात आणि भाकऱ्या वाढल्या. आणि मी जेवू लागले. आयुष्यात मी इतक्या घाईने जेवलेले नाही. एकेक घास म्हणजे पडू पाहणाऱ्या थेंबाला दिलेली हूल होती. ज्या बाईच्या पर्समध्ये हॉटेलवाल्याचा नंबर होता, ती बाई कोळंबी न चावता गिळत होती.

विनायकराव मात्र नेहमीप्रमाणे बत्तीस वेळा चावत होते.

"अहो, लवकर!" मी कुजबुजले.

"छान झालंय कालवण," ते म्हणाले.

मंजुळाकाकू भाकरी घेऊन आल्या. "अजून अर्धी घ्या ना."

"नको!" मी म्हटलं.

"घेतो," विनायकराव म्हणाले. मला वाटतं, जगात या माणसाइतका प्रामाणिक उमेदवार कुठल्याही परीक्षेला बसला नसेल.

त्यांचा शेवटचा घास पोटात गेल्याची खात्री होताच मी हातसुद्धा न धुता शेडकडे धावले आणि वर्तमानपत्रावर वाकले. काका मागून सावकाश आले.

कागदावर थेंब होता. बरोबर तिसऱ्या खळग्याखाली, रुपयाएवढा, ओला, कडेने पसरत चाललेला.

विनायकरावांनी तो पाहिला. खांद्यावरचं फडकं काढून घडी घातली. "ठीक आहे," म्हणाले. "शब्द दिला होता." आणि हेडवर हात ठेवून उभे राहिले. अठ्ठावीस वर्षं पाटबंधारे खात्यात कुणी त्यांचा आवाज असा ऐकला नसेल. मी तर घरातही कधी ऐकला नव्हता.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकले, थेंबाला बोट लावलं आणि बोट नाकाशी नेलं. बराच वेळ वास घेतला. मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"बाय," ते म्हणाले, "ही कोलंबी हाय."

माझ्या बोटांवरून कालवणाचा दुसरा थेंब तेवढ्यात शेजारी पडला. मंजुळाकाकू दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी ते वर्तमानपत्र उचलून त्यातच हात पुसले.

संध्याकाळपर्यंत इंजिन जोडून झालं, तेल गळायची जागाही बंद झाली. शॉकअपमध्ये जाड, मानाचं तेल गेलं. काकांनी कोपरा दाबला, गाडी एकदा वर आली आणि थांबली. मग टॅपेटमध्ये पट्ट्या घालून फटी लावल्या. इंजिन चालू झालं आणि टकटक सुरू झाली. काकांनी कॅलेंडरचं या महिन्याचं पान फाडलं, पट्टी सायलेन्सरशी धरली. ती फक्त बाहेर उडाली.

पेणकरपाड्यात सोसायटीची फार निराशा झाली. ज्याने त्याने मडगार्ड दाबून पाहिलं आणि गाडी काही डोलेना. "बिघडवली वाटतं," ते सासूबाईंना घेऊन येणारे गृहस्थ म्हणाले. कांबळे सरांनी पुठ्ठा उचलून पाहिला, शुक्रवारच्या डागांत एकाचीही भर पडली नव्हती. त्यांनी तो घडी करून परत घरी नेला.

परत

सोमवारी कसाऱ्याचा घाट आम्ही चढून आलो. भाजीचे दोन टेम्पो मागे टाकले, त्यातल्या एकाला मी हातही केला. इगतपुरीच्या अलीकडे विनायकराव म्हणाले, "आवाज येतोय ना तुला? घरी गेलो की थोडंसं टाइट करतो. अगदी थोडंसं."

"कशाने?"

"पाना आहे की डिकीत."

"नाही," मी म्हटलं. "मंजुळाकाकूंच्या चुलीमागे ठेवून आलेय."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चांगलं एक पूर्ण वळण रस्त्याकडे न बघता पाहिलं. लग्नाच्या प्रवासातली उधारी म्हणायला हरकत नाही, फक्त घाटात नको होती.

हॉटेलवाल्याचा फोन येऊन गेला. मी त्याला कुंड्या घ्यायला सांगितलं. आता रोज सकाळी सातला खिडकीखाली टकटक सुरू होते. अजूनही माझ्या डोक्यात जाते. मी खिडकी उघडी ठेवते.